मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर एक रात्र, आणि हे आपल्याकडे आणा म्हणणाऱ्यांसाठी थोडं

डिसेंबरमधल्या एका मंगळवारी मी आणि माझा आतेभाऊ पणजीला कॅसिनोच्या बोटीवर जाऊन आलो. रात्री साडेआठला चढलो आणि पहाटे चारला उतरलो. रिव्ह्यू लिहायचं कारण म्हणजे गेली दोन वर्षं आमच्या भिशीच्या ग्रुपात एकच वाद चाललाय, महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी द्यायला पाहिजे होती का नव्हती, आणि तावातावाने बोलणाऱ्या आठ जणांपैकी सात जणांनी कॅसिनो आतून बघितलेलाच नव्हता, मीसुद्धा त्यातलाच. आठवा म्हणजे आतेभाऊ, तो वर्षातून तीन-चार वेळा जातो. तो म्हणाला एकदा चल, बघ, मग बोल. म्हणून गेलो.

बोटीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रार आहे आणि माझा रोख एका बोटीवर नाहीच, मांडवी नदीत अशा बोटींचे परवाने सहा आहेत आणि जाणारे लोक सांगतात की थोड्याफार फरकाने सगळीकडे पद्धत हीच.

आम्ही गडहिंग्लजकडून आजरा, आंबोली, सावंतवाडी असं करत पत्रादेवीला गोव्यात शिरलो. पर्वरी उतरून अटल सेतूवर आलं की उजव्या हाताला नदीत या बोटी दिसतात, एवढा झगमगाट की बाकी पणजी अंधारात असल्यासारखी वाटते. मी लहानपणी घरच्यांबरोबर याच नदीकाठी बसलोय, आदिलशहाच्या राजवाड्यासमोर, जिथं जुनं सचिवालय होतं, शेजारी आबे फारियाचा पुतळा. आता त्याच रस्त्याला, दयानंद बांदोडकर मार्गाला, कॅसिनोवाल्यांची ऑफिसं आणि बोर्ड आहेत, संध्याकाळी गाड्यांची रांग लागते आणि पायी चालणाऱ्याला फुटपाथ मिळत नाही. गोव्याच्या लोकांचा राग नुसत्या जुगारावर नाही, नदीवर आणि रस्त्यावर पण आहे, हे तिथं पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

आता सर्व्हिसबद्दल. बुकिंग फोनवर केलं, माणशी ३,००० रुपये, त्यात जेवण, ड्रिंक्स, शो आणि १,००० चे चिप्स, म्हणजे टेबलावर पैशाऐवजी लावायच्या चकत्या. फोनवरच्या मुलाला मी दोनदा विचारलं की हे चिप्स नंतर परत देऊन पैसे मिळतात का, तो दोन्ही वेळा हो म्हणाला. बोटीवर गेल्यावर कळलं की ते वन टाइम प्ले चिप्स आहेत, म्हणजे ते खेळावेच लागतात, हरलात तर गेले, जिंकलात तर जिंकलेले चिप्स तेवढे कॅश होतात. नियम वाईट नाही, सगळीकडे असाच असतो म्हणे, पण फोनवर खोटं सांगायची काय गरज होती? बोटीवरच्या मॅनेजरला सांगितलं तर त्याने माफी मागितली आणि तेवढ्यावरच विषय संपला. तुम्ही जाणार असाल तर हे आधी मेसेजवर लिहून घ्या.

काउंटरवर ओळखपत्र बघतात, वय २१ पूर्ण लागतं आणि गोव्याच्या रहिवाशांना खेळायला बंदी आहे. माझं आधार कार्ड घेतलं, पत्ता बघितला, फोटो काढला, हातात पट्टी बांधली. काम चोख होतं, दोन मिनिटांत झालं. पण सगळं पत्त्यावर चालतं. म्हणजे एखाद्याचं कार्ड पुण्याच्या पत्त्यावर असेल आणि माणूस दहा वर्षं म्हापशात राहत असेल तर काउंटरवरच्या मुलीला ते कसं कळणार? आत अंदर-बाहर या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर दोघं कोंकणीत बोलत होते. ते गोव्याचे होते असं मी म्हणणार नाही, कोंकणी कारवारलाही बोलतात, पण बंदी किती पाळली जाते हे बाहेरच्या माणसाला कळायचा काही मार्गच नाही हे मात्र माझ्या लक्षात आलं.

जेट्टीवरून छोट्या फेरीबोटीने मोठ्या बोटीवर नेतात. लाइफ जॅकेट मागितलं तर दिलं, स्वतःहून दिलं नाही. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. २०१७ च्या जुलैमध्ये लकी सेव्हन नावाची कॅसिनोची बोट मांडवीत आणताना मिरामारच्या वाळूत जाऊन रुतली होती आणि बरेच दिवस तिथून हलली नव्हती.

आत स्वच्छता उत्तम. जेवण चांगलं, व्हेज बुफे मला नॉनव्हेजपेक्षा आवडला, स्टाफ नम्र. पत्ते वाटणारी मुलगी मणिपूरची होती, तिचा हात इतका सराईत आणि बोलणं इतकं शांत की माणूस हरला तरी तिच्यावर चिडू शकत नाही. टेबलावर डोक्यावर कॅमेरे, मोबाईल वापरायला मनाई, फोटोला मनाई, प्रत्येक चिपचा हिशोब समोर मांडून दाखवतात. फसवणूक मला कुठंच दिसली नाही आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण आमच्या ग्रुपात अर्ध्या लोकांना वाटतं की रुलेटच्या, म्हणजे नंबरांवर पैसे लावून फिरवायच्या चाकाखाली लोहचुंबक बसवलेला असतो.

लोहचुंबकाची गरजच नाही हो. रुलेटच्या चाकावर १ ते ३६ आणि एक शून्य अशी ३७ घरं असतात. तुम्ही सगळ्या ३७ घरांवर शंभर-शंभर लावले तर तुमचे ३,७०० गेले. नंबर लागला की ३५ पट म्हणजे ३,५०० आणि तुमचे लावलेले १०० परत, हातात ३,६००. शंभर रुपये बोटीचे, दर फेरीला, कुठलाही नंबर आला तरी. हा कट २.७ टक्के झाला. ऐकायला एकदम कमी वाटतो, बँक याच्यापेक्षा जास्त घेते असं आतेभाऊ म्हणतो, पण बँक वर्षाचं व्याज घेते आणि इथं हा कट दर फेरीला आहे आणि तासाला ३०-४० फेऱ्या होतात. तुम्ही दर फेरीला ५०० लावत बसलात तर तासाला वीसएक हजार फिरतात आणि त्यातले सरासरी साडेपाचशे बोटीकडे जातात, सहा तासांत तीन हजारांच्या वर. हे नशीब साधारण असताना. आणि बसायच्या आधी चाक नीट बघा, आमच्या टेबलावर एकच शून्य होतं, काही चाकांवर दोन शून्यं असतात, मग घरं ३८ होतात आणि कट जवळजवळ दुप्पट, ५.२६ टक्के.

वरून कर. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटी ४० टक्के झालाय, त्याआधी २८ होता, आणि ऑक्टोबर २०२३ पासून तो बोटीच्या कमाईवर नाही तर तुम्ही चिप्स घ्यायला जे पैसे देता त्या पूर्ण रकमेवर धरतात. जिंकलेली रक्कम दहा हजारांच्या वर गेली तर त्या पूर्ण रकमेवर ३० टक्के टीडीएस, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. मी काउंटरवर विचारलं की माझ्या चिप्समधला कर कसा धरलाय, तर तिघांनी तीन उत्तरं दिली. हा माझा दुसरा मोठा मायनस पॉइंट, पैसे घेणाऱ्याला पैशाचा हिशोब सांगता आला पाहिजे.

आता जे मला खरं लिहायचंय ते. आतेभाऊ २० हजार ठरवून आला होता. अकरा वाजता ते संपले. मी म्हटलं चल वर शो बघू, तो हो म्हणाला आणि काउंटरवर जाऊन अजून २० चे चिप्स घेऊन आला. एक वाजता परत. दोन वाजता माझ्याकडे आला, दहा आहेत का, सकाळी देतो. मी नाही म्हटलं तर त्याने माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. हा माणूस माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, माझ्या लग्नात मांडव यानेच घातला. नंतर त्याने कोणाला तरी फोन लावून पैसे मागवले. एकूण ६८ हजार गेले. परत येताना गाडीत आंबोलीपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही, धुकं होतं, मी गाडी हळू चालवत होतो आणि तो जागा असून डोळे मिटून बसला होता.

यात बोटीवाल्यांनी काही चुकीचं केलं का? नाही. त्यांनी दर वेळी हसून कार्ड स्वाइप केलं. मी दोन वाजता काउंटरवर जाऊन विचारलं की याच्या नावावर मर्यादा घालता येईल का, आज रात्रीपुरतं याला अजून चिप्स देऊ नका असं मी सांगू शकतो का, तर तो मुलगा म्हणाला, सर गेस्टला आम्ही नाही म्हणू शकत नाही. तसा फॉर्म नाही, तसा बोर्ड नाही, हेल्पलाइनचा नंबर मला तरी पूर्ण बोटीवर कुठं दिसला नाही. दारू मात्र न मागताच पुढं येत होती.

सर्व्हिस म्हणून पाचपैकी चार देतो. करमणूक म्हणून पण चार, ज्याला ठरवलेल्या आकड्यावर उठता येतं त्याच्यासाठी. आता वाद येतो तो इथून पुढं.

आमच्या ग्रुपातले तिघं म्हणतात आपले लोक तिकडं जाऊन पैसे घालवतातच, तो कर गोव्याला का द्यायचा, वेंगुर्ल्याला नाहीतर मालवणला एक-दोन कॅसिनो झाले तर पोरांना नोकऱ्या मिळतील, आणि तसंही मटका गावागावात चालूच आहे. हे मुद्दे खोटे नाहीत. बोटीवर आमच्या टेबलावरचे सात जण होते त्यातले चार महाराष्ट्राचे. मटक्याचं तर काय बोलायचं, न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या ओपन-क्लोजच्या भावावर मुंबईत सुरू झालेला आकडा, तो कापूस गेला, गिरण्या गेल्या, आकडा अजून आहे. आणि सरकार स्वतः १९६९ पासून लॉटरी विकतंय, त्यामुळे सरकारने जुगार पाप आहे म्हणून सांगावं हे मलाही पटत नाही.

पण लोक एक गोष्ट विसरतात, महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा होता. महाराष्ट्र कॅसिनो नियंत्रण व कर अधिनियम १९७६. विधिमंडळाने पास केला, राज्यपालांची सही झाली, आणि तो लागू करायची तारीख कुठल्याच सरकारने काढली नाही. ४७ वर्षं! या काळात काँग्रेस आली, शिवसेना-भाजप आली, आघाड्या आल्या, युत्या आल्या. कुठल्याच सरकारने तो लागूही केला नाही आणि रद्दही केला नाही. मधूनमधून लोक हायकोर्टात जायचे की कायदा आहे तर लागू करा, आणि शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं आणि मग विधिमंडळाने रद्द केला, फडणवीस तेव्हा उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते. रद्द केला ते बरंच केलं असं मला आज वाटतं, पण ४७ वर्षं दार ना उघडायचं ना बंद करायचं याला काय म्हणायचं? ज्यांना स्पष्ट नाही म्हणायला एवढा वेळ लागतो त्यांनी उद्या हो म्हटलं तर नियम कोण पाळणार?

गोव्याचा कायदाही १९७६ चाच आहे आणि तो जुगार बंद करायचा कायदा आहे, हे मला तिकडे जाऊन आल्यावर वाचताना कळलं. १९९२ ला त्यात दुरुस्ती करून फाइव्ह स्टार हॉटेलात जुगाराच्या मशीनला परवानगी दिली, १९९६ ला बोटीवर टेबलाला परवानगी दिली. बोटींची गर्दी झाली ती काँग्रेसच्या काळात. मनोहर पर्रीकर विरोधी पक्षात होते तेव्हा मांडवीतल्या कॅसिनोंच्या विरोधात बोलायचे, लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, २०१२ ला ते मुख्यमंत्री झाले आणि बोटी नदीतच राहिल्या. तेव्हापासून नदीतून हलवणार, हलवणार चाललंय, मोप्याच्या विमानतळाकडे नेणार असंही झालं, आणि प्रत्यक्षात काय होतं तर पुन्हा पुन्हा मुदतवाढ. गोव्याच्या लोकांना बंदी करायची तरतूद आधी झाली आणि ती लागू व्हायला २०२० उजाडलं. आणि लक्ष ठेवायला गेमिंग कमिशनर म्हणून कोणाला नेमलं तर राज्याच्या कर आयुक्तांना. मला त्या अधिकाऱ्याबद्दल काहीच म्हणायचं नाही, माणूस प्रामाणिकच असेल, पण ज्याचं काम जास्तीत जास्त कर गोळा करायचं त्यालाच सांगायचं की बोटींवर लगाम पण तूच ओढ, हे कसं जमणार? तिकडे बायका-पुरुषांनी आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग अशी संघटना काढून वर्षानुवर्षं आंदोलनं केली, त्यांना सगळ्या पक्षांनी कधी ना कधी शब्द दिलेला आहे.

बोटी वाईट आहेत म्हणून मी विरोध करत नाही. बोट तिचं काम चोख करते, ते मी वर लिहिलंच. विरोध करतो कारण बोटीवर नियम लावणाऱ्याचा शब्द सारखा बदलतो आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा हे कळत नाही.

आपल्याकडं वेगळं आहे का? चंद्रपूरला २०१५ ला दारूबंदी केली, बायकांनी किती मोर्चे काढले होते त्यासाठी, २०२१ ला दुसरं सरकार आलं आणि उठवली. बंदी बरोबर का उठवणं बरोबर हा वेगळा विषय, पण सहा वर्षांत सरकारचं मत पूर्ण फिरतं तर लोकांनी कशाच्या भरवशावर जगायचं? २०२५ च्या ऑगस्टमध्ये कणकवलीत सिंधुदुर्गच्या पालकमंत्र्यांना स्वतः मटक्याच्या अड्ड्यावर जावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र वाईट वाटलं, कारण मंत्री गेल्याशिवाय जे पोलिसांना दिसत नाही ते उद्या कॅसिनोत कसं दिसणार. त्याच्या आधी जुलैत अधिवेशन चालू असताना तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा मोबाईलवरच्या रमीचा व्हिडिओ फिरला, त्यांनी सांगितलं मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो. खरं असेलही. पण आमच्या गावात एकानेही त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि माझ्यासाठी मुद्दा तोच आहे, एवढ्या साध्या गोष्टीत लोक तुमचं ऐकायला तयार नाहीत तर करोडोंच्या परवान्यात कसे ऐकतील.

आतेभावाला मी हे सगळं गेल्या रविवारी बोललो. तो अजूनही म्हणतो इकडं पाहिजे, निदान घाट उतरून रात्रीचं गाडी चालवत जावं लागणार नाही. मी म्हटलं दादा, तो घाटच तुझ्या उपयोगाचा आहे, वर्षातून चार वेळा जातोस ते घाट आहे म्हणून. वहिनी चहा घेऊन आल्या तसा तो गप्प झाला. त्यांना ६८ हजारांचं अजून माहीत नाही, आणि मी लिहितोय तरी नावं घातलेली नाहीत ती म्हणूनच.

जुगार हा विषय घटनेप्रमाणे राज्याचा आहे, दिल्लीवर ढकलता येत नाही, ऑनलाइन पैशाच्या खेळांवर २०२५ ला संसदेने बंदी आणली पण टेबलावरच्या जुगाराचं राज्यानेच ठरवायचं. म्हणून आमच्या आमदारांच्या ऑफिसात मी एक अर्ज देऊन आलोय, पोचपावती घेतलीये. तीनच गोष्टी विचारल्यात. उद्या कोणी परत कॅसिनोचं बिल आणलं तर तुम्ही बाजूने हात वर करणार का विरोधात. आणलंच तर कर गोळा करणारा आणि लक्ष ठेवणारा अधिकारी वेगळा असेल का. आणि माझ्या भावासारख्या माणसाच्या घरच्यांनी लिहून दिलं की याला आत घेऊ नका, तर त्याला दारातून परत पाठवायची सक्ती कायद्यात असेल का. ऑफिसातला मुलगा म्हणाला साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात फोन करा. सोमवारी करणार आहे. उत्तर आलं तर जसंच्या तसं इथेच टाकतो.